नाखव्याची चाल

६ जानेवारी, सोमवार

ऑफिसने नवीन वर्षाची भेट म्हणून प्रत्येकाला एक डायरी दिली. मोबाइलचे गेम बनवणारी माणसं हाताने कशाला लिहितायत, बाकीच्यांनी ती ड्रॉवरमध्ये कोंबली. मी घरी आणली. वैशाली म्हणाली, "लिही ना मग. रोज माझं डोकं खातोस त्यापेक्षा वहीचं खा." म्हणून लिहितोय. कोपरीहून निघालेली बस घोडबंदर रोडला लागली की हलतच नाही, त्यामुळे अक्षरही बरं येतं.

सतराव्या वर्षी मी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या बेंजो पार्टीत कीबोर्डवर उभा राहिलो. हळदी, मिरवणुका, बारशी, सगळं वाजवलं. मग सिरियलींना पार्श्वसंगीत, आणि गेली तीन वर्षं हा स्टुडिओ. चोवीस वर्षं दुसऱ्यांची गाणी वाजवली. आता 'मिठागर' नावाच्या गेममध्ये पहिल्यांदा माझी स्वतःची चाल लोकांच्या कानात जाणार आहे. मिरू नावाची मुलगी मिठागरांमधून आपलं हरवलेलं घर शोधत निघते, अशी गोष्ट. दहा लेव्हल आहेत. मिरूची थीम करायला मला तीन महिने लागले. गेम उघडला की ती वाजणार, जाहिरातीत ती वाजणार आणि 'संगीत' या शब्दापुढे माझं नाव येणार. म्हणजे ऋजुता मॅडम मार्चमधल्या चाचणीनंतर शिक्कामोर्तब करतील, पण दुसरी थीम आहेच कुठे?

आज एक नवीन पोरगा घेतलाय, मार्विन. चोवीस वर्षांचा, उत्तनचा, वडील मच्छीमार. किरकोळ पात्रांचं संगीत त्याने करायचं. आल्या आल्या मला दादा म्हणायला लागला. बरा वाटला.

९ जानेवारी, गुरुवार

बरा वाटला होता, ते शब्द परत घेतो.

त्याला नाखव्याची चाल करायला दिली होती. गेममध्ये प्रत्येक लेव्हल संपली की एक म्हातारा नाखवा मिरूला होडीतून पुढच्या बेटावर सोडतो. दोन वाक्यं बोलतो, वल्हवतो, संपलं. मार्विनने डबा खाता खाता शीळ घातली आणि मोबाइलवर रेकॉर्ड केली. दहा मिनिटं, त्यातली पाच सुरमईचा काटा काढण्यात गेली. संध्याकाळपर्यंत अर्धं ऑफिस ती चाल गुणगुणत होतं. ऋजुता मॅडमसुद्धा. हा स्टुडिओ त्यांचा, वय चौतीस, सगळे त्यांना नुसतं ऋजुता म्हणतात, माझ्या तोंडून मॅडम सुटत नाही. त्या कॉफी ढवळताना चमच्याने कपावर ताल धरत होत्या. माझी मिरूची थीम गेले तीन महिने या ऑफिसात वाजतेय. एका माणसाने तिच्यावर कपाला चमचा लावलेला नाही.

चालीत काय आहे म्हणाल तर सात सूर. चढते, मध्येच रेंगाळते, उतरते आणि रे वर थांबते. सा वर येतच नाही. अण्णांच्या पार्टीत असं कुणी वाजवलं असतं तर अण्णांनी विचारलं असतं, बाकीची घरी ठेवून आलास का.

"कुठून आणलीस रे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घरी ऐकतो ना दादा, तसलंच कायतरी."

म्हणजे उचललेलीच. पुढे विचारलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

आंघोळ करून बाहेर आलो तर वैशाली म्हणाली, "किती गोड चाल आहे. ही मिरूची का?" मी हो म्हणालो. तसा खोटं बोलणारा माणूस मी नाही, पण केस ओले होते आणि वाद नको होता.

१९ जानेवारी, रविवार

कल्याणला कोळसेवाडीत अण्णांकडे गेलेलो. त्यांना पंचाहत्तरावं लागलंय. पार्टी बंद करून आठ वर्षं झाली, तरी बेंजो रोज पुसतात. मी त्यांना माझं काम समजावून सांगत होतो. गेममध्ये एकेका पात्राची चाल ठरलेली असते. ते पात्र आलं की चाल येते. हळूहळू खेळणाऱ्याला सवय लागते, मग नुसती चाल वाजली तरी पात्र आठवतं. अण्णा हसायला लागले.

"ह्यात नवीन काय रे? आपण मामाची चाल वाजवायचो की."

खरंच, मी विसरलोच होतो. अण्णांच्या पार्टीची ती खासियत होती. हळदीला नवरीचा मामा मांडवात शिरला की एक ठरलेला तुकडा वाजायचा. मामा पाणी प्यायला उठला तरी तोच. तिसऱ्यांदा वाजला की मामा दिसायच्या आधीच बायका हसायला लागायच्या. आणि पाठवणीच्या वेळी मामा भाचीला गाडीत बसवायला निघाला की अण्णा तोच तुकडा एकदम सावकाश वाजवायचे. अख्खा मांडव रडायचा. एकच चाल, वेग तेवढा बदललेला.

"चालीला स्वतःचं काय नसतं," अण्णा म्हणाले. "जिथे वाजवशील तिथलं तिला चिकटतं. म्हणून तर मयताला वाजवलेली चाल आपण हळदीला कधी घेतली नाय. एकदा तिरडीमागून गेली की गेली ती. पार्टीतून बाद."

हे मला ठाऊक होतं. कल्याण-डोंबिवलीतल्या कुठल्याही बेंजोवाल्याला ठाऊक असतं. कुणा म्हाताऱ्याची वाजतगाजत अंत्ययात्रा निघाली आणि त्यात चांगली चाल वाजवली गेली, तर पुढे ती कुणी मागत नाही. चुकून वाजवलीच तर यजमानीण येऊन हात धरते.

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली. ती इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखी नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

लिहितोच. वही कोण वाचणार आहे?

गेममध्ये कोणती चाल कुठे वाजायची हे बसवण्याचं काम माझ्याकडे आहे. त्याला ट्रिगर लावणं म्हणतात. खेळणारा अमुक ठिकाणी पोचला की अमुक वाजव, असं एकेक सांगून ठेवायचं. मार्विनने मला यादी दिली. नाखव्याची चाल बाजारात, जत्रेत, मिरूला मासळी मिळते तिथे आणि शेवटी ती स्वतः होडी वल्हवायला शिकते तिथे. सगळ्या आनंदाच्या जागा.

होडीच्या प्रवासातली चाल मॅडमनी आधीच पक्की केलीय, तिला मी हात लावू शकत नाही. बाकी जागा माझ्या हातात आहेत. मी जत्रा काढली, बाजार काढला. जिथे जिथे मिरू हरते, मिठाच्या चिखलात रुतते, बुडते, तिथे तिथे नाखव्याची चाल लावली. आणि सातव्या लेव्हलमध्ये वादळात नाखवा मरतो. तिथे मिरूची थीम वाजायची ठरली होती, माझी, बत्तीस व्हायोलिनांची. ती मी काढून घेतली. तिथेही मार्विनची लावली. माझी थीम प्रत्येक विजयानंतर. झेंडा लागला की मिरूची थीम, खजिना उघडला की मिरूची थीम.

माणूस हरल्यावर जी चाल वाजते तिच्यावर कुणाचा जीव जडणार आहे? महिनाभरात लोक तिला कंटाळतील.

मार्विनला म्हटलं, तांत्रिक कारणाने जागा बदलाव्या लागल्या.

"तुम्ही ठरवा दादा. मला त्यातलं काय कळत नाय." आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. असल्या माणसाचं वाईट करतानासुद्धा धड मजा येत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नाखव्याच्या मरणाच्या जागी कोणतं वाद्य घ्यायचं हा प्रश्न होता. मार्विन म्हणत होता बासरी. बासरीवर ती चाल सुंदर वाजली असती, हे मला लगेच कळलं. म्हणून मी बेंजो घेतला. ऑफिसातली पोरं बेंजोला हसतात. कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ लागला आणि मागे बेंजो असला की "धम्मपाल सर, तुमचा बँड" म्हणून टाळ्या देतात. नाखवा मरताना बेंजो वाजला तर हसतील, आणि हसले की चाल मेली.

अण्णांकडून बेंजो आणला. कशाला ते त्यांनी विचारलं नाही, फक्त पुसून दिला. दुपारी स्टुडिओच्या खोलीत एकटाच बसलो. चाल मुद्दाम सावकाश घेतली, मामाच्या चालीसारखी, तारा जरा मोकळ्या सोडून, म्हणजे भिकार वाटेल. एकदाच वाजवली. दुसऱ्यांदा घ्यावीशी वाटली नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं. खोलीतला एसी थेट तोंडावर येतो, तक्रार करायला हवी.

बाहेर आलो तर मार्विन काचेपलीकडे उभा होता. मी त्याला म्हटलं, काम नाहीये का तुला?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज पहिली चाचणी. डोंबिवलीच्या एका कॉलेजातली बारा मुलं-मुली बोलावली होती. कानाला हेडफोन लावून चार तास खेळली. मी त्यांच्या मागच्या टेबलावर हातात कागद घेऊन बसलो होतो. माणूस स्वतःच्या बारशाला जातो तसा इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो.

ऋतिका नावाची एक मुलगी सगळ्यांच्या आधी सातव्या लेव्हलला पोचली. वादळ आलं, नाखवा गेला, बेंजो वाजला. मी तिच्या हसण्याची वाट पाहत होतो. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठून बाथरूममध्ये गेली. दहा मिनिटं आलीच नाही. तिच्यामागून दुसरी रडली. मग दाढीवाला एक मुलगा, जो सकाळपासून च्युइंगम चघळत होता, तो चघळायचा थांबला.

नंतर ऋजुता मॅडमनी प्रत्येकाला विचारलं. ऋतिका म्हणाली, "मी हरले ना की ते आजोबांचं गाणं यायचं. मला वाटायचं ते सांगतायत, बस होडीत, परत जाऊ. आणि मग तेच गेले आणि गाणं तेच. असं कोण करतं यार."

"आणि मिरूची थीम?"

"कुठली?"

"जिंकल्यावर वाजते ती."

"अच्छा ती. ती मी स्किप केली. जिंकल्यावर पुढे जायचं असतं ना."

बारापैकी नऊ जणांनी माझी थीम स्किप केली होती. एकाने फॉर्मवर लिहिलंय, 'थोडी लाऊड आहे.' तीन महिने!

मार्विन कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. स्वतःच्याच चालीवर रडतो म्हणजे काय? अंगाची लाही लाही झाली. बसमध्ये बसायला जागा मिळाली तेही आवडलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडम म्हणाल्या, "सातव्या लेव्हलला आता कुणीही हात लावायचा नाही. आणि मला वाटतं, गेम उघडल्यावरही नाखव्याचीच चाल हवी. दुसऱ्या चाचणीत नक्की करू."

मी म्हणालो, उत्तम. माझा चेहरा कसा दिसत होता कोण जाणे, त्यांनी मला सुट्टी हवी आहे का विचारलं.

वैशालीला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे ट्रिगरचं सोडून. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुला त्या पोराचा राग येतो की त्याची चाल तुला आवडते याचा?" हिला संगीतातलं काही कळत नाही.

४ मार्च, मंगळवार

अजून एक जागा उरली आहे. नाखवा गेल्यानंतर, आठव्या लेव्हलपासून मिरू एकटी होडी वल्हवते. तिथे मार्विनची चाल पूर्ण वाद्यमेळासकट यायची आहे, त्याने आठवडाभर बसून ती सजवलीय. ही जर वाजली तर मॅडमच काय, बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा माझं नाव विसरेल.

ती मी लावलीच नाही. तिथे काहीच लावलं नाही. नुसता वल्ह्याचा आवाज. विचारलं तर सांगेन फाइल खराब झाली. लोक चालीची वाट पाहतील, ती येणार नाही, चिडतील. आणि मग नवव्या लेव्हलला माझी थीम येईल.

लिहून झाल्यावर वरचं वाचलं. हा माणूस मला ओळखीचा वाटत नाही, पण अक्षर माझंच आहे.

२१ मार्च, शुक्रवार

दुसरी चाचणी. या वेळी वीस जण.

आठवी लेव्हल. तिच्याआधी सगळ्यांना थांबवलं होतं, ती एकदमच सुरू करायची होती. मिरू रिकाम्या होडीत बसली. वल्हं पाण्यात पडलं. काहीच वाजलं नाही. वीसच्या वीस जणांनी खेळ थांबवला असावा, असं मला वाटलं, कारण कुणाचीच बोटं हलत नव्हती. मग माझ्या पुढ्यातला मुलगा हळू आवाजात ती चाल गुणगुणायला लागला. हेडफोनमुळे आपला आवाज बाहेर येतोय हे त्याला कळत नव्हतं. पलीकडची मुलगी गुणगुणायला लागली. तिच्या कानात दुसरे हेडफोन होते, याचा आवाज तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. जिथे मी चाल काढून टाकली होती, नेमकी तिथे ते ती स्वतःच भरत होते.

मी उठून जिन्यात गेलो. अकराव्या मजल्यावरून आठव्यापर्यंत पायी उतरलो आणि परत चढलो.

२४ मार्च, सोमवार

निर्णय झाला. मीटिंगमध्ये ऋजुता मॅडम म्हणाल्या, "नाखव्याची चाल मुख्य थीम राहील. आणि संगीत दिग्दर्शन म्हणून धम्मपाल, तुमचं नाव जाईल."

मला वाटलं चेष्टा आहे.

"मार्विननेच सुचवलं," त्या म्हणाल्या. "आणि मलाही पटलं. चाल त्याची आहे, पण हरण्याच्या जागी ती लावणं, मरणाला बेंजो घेणं आणि मग आठव्या लेव्हलला ती काढूनच घेणं! मी दहा वर्षं या धंद्यात आहे. असं धाडस मी पाहिलं नाही. तुम्हाला सुचलं कसं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "अनुभव."

टाळ्या झाल्या. मार्विनने सगळ्यात मोठ्याने वाजवल्या. "दादा, मी दहा मिनिटात केलेली ती. तुम्ही तिचं सोनं केलं."

जे हवं होतं ते मिळालं. संगीत, धम्मपाल. वैशालीने शेजारी पेढे वाटले, अण्णांनी फोनवर माझं नाव दोनदा वाचून घेतलं. आणि मला काय वाटतंय सांगू? मला त्याचा अजूनच हेवा वाटतोय. चाल त्याची चांगली, आणि वर माणूसही तोच चांगला. माझ्यासाठी त्याने काहीच शिल्लक ठेवलं नाही.

६ एप्रिल, रविवार

बुधवारी गेम बाजारात आला. लोकांच्या उड्या पडल्यात. शाळेतली पोरं शीळ घालत जाताना कोपरीत ऐकली.

मार्विनने आज उत्तनला जेवायला बोलावलं होतं. वैशालीला ड्यूटी होती, मी एकटाच गेलो. घर किनाऱ्याजवळ, पुढे जाळी सुकत घातलेली. त्याची आई ऑड्री दारातच भेटली, ठेंगणी, हातभर बांगड्या. वडील नॉर्मन अजून होडीवर जातात. पासष्टीचा माणूस, हाताची पकड अशी की माझी बोटं दुखली.

"तुम्हीच काय ते दादा? पोरगा घरी येऊन दुसरं बोलतच नाय," ऑड्री म्हणाल्या आणि पापलेटाचा दुसरा तुकडा वाढला.

जेवण झाल्यावर नॉर्मन मागच्या दारी हात धुवायला गेले. तिथून शीळ ऐकू आली. तीच. सात सूर. मी हसून वर बघितलं, तेवढ्यात ऑड्री ताट टाकून धावल्या.

"नको म्हटलं ना तुला! किती येळा सांगू?"

शीळ तुटली. नॉर्मन ओशाळून आत आले आणि टॉवेलला हात पुसत बसले, पुसून झाले तरी पुसत राहिले.

मी मार्विनकडे पाहिलं. तो म्हणाला, "चाल पप्पाचीच आहे दादा. होडी किनाऱ्याला लागायला आली ना की पप्पा शीळ घालायचा. मम्मीला घरात ऐकू यायची, ती भात टाकायची. चाळीस वर्षं. मी पोटात असल्यापासून ऐकतोय. नाखवा पण पप्पाच आहे, त्याचं ते टोपीवरचं ठिगळ मीच चित्रवाल्याला काढायला सांगितलेलं. गंमत म्हणून."

"मग?"

"मग गेम घरी दाखवला. सातवी लेव्हल." त्याने ताट बाजूला सारलं. "मम्मी म्हणते, त्या चालीवर माणूस बुडाला. आता दर्यावरनं ती ऐकायची नाय तिला. पप्पा आता फोन करतो."

"चांगलंच केलंय हां तुम्ही," ऑड्री घाईघाईने म्हणाल्या, मला वाईट वाटू नये म्हणून. "सगळी रडतात म्हणं. माझंच मन खुळं. भात घ्या."

मी भात घेतला. संपवला. कसा ते आठवत नाही.

अण्णांनी सांगितलेलं खरं झालं. फक्त सगळ्या जगात न होता एका घरात झालं. ती चाल जिथे जिवंत होती त्याच घरात.

७ एप्रिल, सोमवार

मार्विनला खाली टपरीवर नेलं आणि सांगितलं. सगळं. यादी मुद्दाम फिरवली, तांत्रिक कारण काहीच नव्हतं, आठव्या लेव्हलची चालही मुद्दामच लावली नव्हती. मला तुझ्या चालीचा हेवा वाटला म्हणून.

तो ग्लास हातात धरून उभा राहिला. चहावर साय धरली.

"बेंजोपण?"

"बेंजोपण. लोकांनी हसावं म्हणून."

"मी काचेतनं बघितलेलं तुम्हाला वाजवताना. तुम्ही रडत होते."

"हो."

रस्त्यावरून सिमेंटचे मिक्सर जात होते. मी म्हटलं, पुढच्या अपडेटमध्ये काढून टाकता येईल, मी मॅडमना सांगतो, माझं नावही काढायला सांगतो.

"नको," तो म्हणाला. "नावाचं तुमचं तुम्ही बघा. चाल राहू दे, लोकांना आवडलीय. पण मम्मीला तुम्ही येऊन सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल मी पप्पासाठी गोष्ट रचली."

या वेळी त्याने दादा म्हटलं नाही. दिवसभरात एकदाही नाही.

८ एप्रिल, मंगळवार

मॅडमना सांगितलं. त्यांनी लॅपटॉप बंद केला. मग म्हणाल्या, "नाव दोघांचं लावू, मार्विनचं आधी. आणि धम्मपाल, असला अनुभव पुन्हा नको."

१२ एप्रिल, शनिवार

उत्तन. ऑड्री मागच्या अंगणात बोंबील साफ करत होत्या. नॉर्मन जाळं विणत होते, मार्विन दाराला टेकून उभा होता. मी जमिनीवरच बसलो आणि सांगून टाकलं. त्या चालीत काही अपशकुन नाही. मरणाच्या जागी ती आपोआप गेली नाही, मी नेली. तुमच्या पोराचं कौतुक माझ्या पोटात दुखत होतं.

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांच्या मनातली भीती जाईल. ऑड्रींनी कोयता खाली ठेवला.

"म्हणजे नजर लागली."

"अहो नाही, नजर वगैरे काही..."

"तुमचीच लागली ना? तुम्हीच सांगता. मग अपशकुनापेक्षा बेकार झालं." त्या उठल्या, आत गेल्या आणि मूठभर जाडं मीठ आणि सात सुक्या मिरच्या घेऊन आल्या. माझ्यापुढे धरल्या. "ज्याची लागली त्यानंच काढायची. घ्या."

बावीस प्रतिज्ञा म्हणत लहानाचा मोठा झालेला माणूस मी. आमच्या घरात लिंबू-मिरची दारालाही लागत नाही. अण्णांना कळलं तर बेंजो डोक्यात घालतील. मी मार्विनकडे बघितलं. तो म्हणाला, "आमच्या फादरला पण चालत नाय. कुणी सांगायचं नाय एवढंच."

नॉर्मन जाळं बाजूला ठेवून पाटावर येऊन बसले. अगदी शहाण्या मुलासारखे. मी मूठ भरली आणि त्यांच्यावरून फिरवली. काय बोलायचं ते येत नव्हतं, तर ऑड्री सांगत गेल्या आणि मी म्हणत गेलो. आल्याची, गेल्याची, पोराच्या ऑफिसातल्याची. शेवटचं त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. मग मागच्या चुलीत मूठ टाकली. मीठ तडतडलं. मिरच्या काळ्या झाल्या.

चौघेही ठसक्याची वाट बघत राहिलो. ठसका लागला तर नजर नव्हती, नाही लागला तर होती, एवढं मलाही माहीत आहे. धूर सरळ वर गेला. कुणालाही साधी शिंक आली नाही.

ऑड्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, डॉक्टर रिपोर्टकडे बघतो तसं काहीतरी होतं.

"बघा किती होती," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. म्हणालो, "हो. खूप होती."

"अजून एकदा घ्या."

पुन्हा मीठ, पुन्हा मिरच्या. पुन्हा काही नाही. मार्विन पुढे आला आणि स्वतःच डबा उघडून माझ्या हातात मिरच्या ठेवल्या. "सावकाश फिरवा, दादा," तो म्हणाला. "घाई करू नका."

तिसऱ्या वेळी ठसका लागला. सगळ्यात आधी मला.